इंग्रजीच्या दप्तरातील फ्रेंच

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, म्हणजे मूळचा मुंबई राज्याचा १९५० सालचा कायदा, ज्यांच्या रोजच्या कामाचा आहे त्यांना त्यातील कलम ५५ ओळखीचे असते. एखाद्या न्यासाचा मूळ हेतू काळाच्या ओघात निष्फळ ठरला, उदाहरणार्थ ज्या वाटेने आता कोणीही पायी यात्रेला जात नाही त्या वाटेवरील धर्मशाळेसाठी कोणी निधी ठेवला असेल, तर तो निधी न्यायालयाच्या निर्देशाने अन्य हेतूसाठी वापरता यावा, अशी ही तरतूद आहे. या कलमाचा इंग्रजी मथळा एकाच शब्दाचा आहे: 'सी-प्रे'. त्या शब्दाचे तीन-चार निरनिराळे उच्चार बार रूममध्ये मी ऐकले आहेत आणि त्यांपैकी एक तर थेट भूमध्य समुद्रातील बेटाचा आहे. वस्तुतः हा शब्द नसून अर्धे तोडलेले फ्रेंच वाक्य आहे. 'सी प्रे कॉम पॉसिब्ल', म्हणजे 'शक्य तितके जवळ', या वाक्प्रयोगातील पहिले दोन शब्द तेवढे उरले आहेत. दात्याची इच्छा जशीच्या तशी पुरी होत नसेल, तर तिच्या शक्य तितके जवळ जावे, हे तत्त्व त्यात सामावले आहे.

वकिली सुरू केल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी रानडे इन्स्टिट्यूटच्या वर्गात फ्रेंच शिकले. तोवर ज्या संज्ञा मी इंग्रजी म्हणून वापरत होते, त्यांतील कितीतरी संज्ञा फ्रेंच असल्याचे तेव्हा ध्यानात आले, आणि त्याहून गमतीची गोष्ट अशी की आजच्या फ्रेंच माणसाला त्या ओळखूही येत नाहीत. इंग्रजीतील फ्रेंच वाक्प्रयोगांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा उपाहारगृहाच्या मेनूपासून सुरू होते आणि फॅशनपाशी संपते. मला मात्र हा विषय न्यायालयाच्या दारातून आत गेल्याशिवाय उलगडत नाही असे वाटते.

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढील कित्येक पिढ्या राजदरबार आणि सरदारवर्ग यांची भाषा फ्रेंच राहिली. न्यायालयातील वादविवादही पुढे त्याच भाषेत चालू लागले, लेखी नोंदी मात्र लॅटिनमध्ये होत. सामान्य माणूस कज्जा घेऊन आला तर आपल्याच जमिनीबद्दल वकील काय बोलत आहेत हे त्याला कळत नसे. शेवटी १३६२ साली पार्लमेंटने कायदा केला की फ्रेंच भाषा या राज्यात फारच अपरिचित झाली असल्यामुळे यापुढे युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. हा कायदा लिहिला गेला तो फ्रेंचमध्येच! आणि वकिलांनी तो कितपत मानला म्हणाल, तर त्यांनी बोलण्यात इंग्रजी आणले असेल, पण स्वतःच्या टिपणांत आणि खटल्यांच्या अहवालांत ते आणखी तीनशे वर्षे फ्रेंचच लिहीत राहिले. न्यायालयीन कामकाजातून लॅटिन आणि ही वकिली फ्रेंच हद्दपार करणारा कायदा १७३० साली झाला आणि १७३३ साली अमलात आला.

एवढ्या काळात त्या फ्रेंचचे काय झाले असेल, याची कल्पना एका नोंदीवरून येते. १६३१च्या उन्हाळ्यात सॉल्झबरी येथे मुख्य न्यायमूर्ती रिचर्डसन यांच्यासमोर शिक्षा सुनावलेल्या एका कैद्याने त्यांच्यावर विटेचा तुकडा भिरकावला. नोंद घेणाऱ्या वकिलाने लिहिले आहे की त्याने 'जेक्ट अँ ब्रिकबॅट अ ल दी जस्टिस, क नॅरोली मिस्ट'. म्हणजे वीट इंग्रजी, नेम थोडक्यात चुकला तोही इंग्रजीत, आणि मधले सांधे तेवढे फ्रेंच. पुढचा भाग हसण्यासारखा नाही, कारण त्या माणसाचा उजवा हात तोडून फाशीच्या खांबाला ठोकण्यात आला आणि न्यायालयाच्या देखतच त्याला तत्काळ फासावर चढवले गेले. पण भाषेच्या दृष्टीने हे वाक्य अमोल आहे. परकी भाषा बोलणारे संपले आणि तिचा वापर केवळ व्यवसायाची खूण म्हणून उरला, म्हणजे तिचे व्याकरण विरघळते आणि संज्ञा मात्र खड्यांसारख्या तशाच राहतात.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. वकील, दावा, अर्ज, जामीन, हुकूम हे सगळे शब्द राजसत्तेबरोबर आले आणि सत्ता गेल्यावरही दप्तरात राहिले. त्यांतील 'फिर्याद' या शब्दाचे नाते तर फार दूर जुळते. फारसीत त्याचा अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. इंग्लिश खाडीतील जर्सी आणि गर्न्सी या बेटांवर नॉर्मन काळापासूनची एक कायदेशीर रीत आजही मान्य आहे. आपल्या मालमत्तेवर कोणी अतिक्रमण करत असेल, तर साक्षीदारांसमक्ष गुडघे टेकून 'हारो! हारो! हारो! माझ्या राजा, धावून ये, माझ्यावर अन्याय होत आहे' असे फ्रेंचमध्ये ओरडायचे, आणि न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत समोरच्याने काम थांबवायचे. या आरोळीत अन्यायासाठी जो 'तॉर' शब्द येतो, तोच इंग्रजी कायद्यात 'टॉर्ट', म्हणजे भरपाईस पात्र दिवाणी अपकृत्य, होऊन बसला. फिर्याद मुळात ओरडण्यातून सुरू होते, याविषयी इराण आणि नॉर्मंडी यांचे एकमत दिसते.

या दप्तरी फ्रेंचमधील काही संज्ञा मुंबईलाही पोहोचल्या. १८२३च्या सनदेने मुंबईत जे सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले, त्यात मुख्य न्यायाधीशाखेरीज दोन 'प्यूनी' न्यायाधीश होते. 'प्युई ने' म्हणजे मागाहून जन्मलेला, धाकटा. हेच दोन शब्द इंग्रजीच्या रस्त्यावर आले तेव्हा त्यांतून किरकोळ, किडमिडीत अशा अर्थाचे विशेषण झाले, आणि उच्चारही तोच राहिला. तेव्हा त्या न्यायमूर्तींविषयी मोठ्याने बोलताना अशिलांची काय पंचाईत होत असेल ती होवो. एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवता येत नाही, असा बचाव करताना आमचे फौजदारी वकील आजही 'ओत्रफ्वा अक्वी' म्हणतात. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ओडिशातील चिल्का सरोवरात मासे धरण्याच्या हक्काचा वाद आला, तेव्हा दुसऱ्याच्या जमिनीत शिरून तेथील वस्तू घेऊन जाण्याच्या या हक्काला न्यायालयाने 'प्रोफी आ प्रांद्र' म्हटले आणि तो स्थावर मालमत्तेत मोडतो असा निर्णय दिला. चिल्काच्या कोळ्यांच्या जाळ्यात नॉर्मन सरदारांची भाषा अशी अडकून आली.

सर्वांत नाट्यमय जन्मकथा इंग्रजीत गुन्हेगारासाठी जो 'कल्प्रिट' शब्द आहे त्याची. आरोपीने 'मी दोषी नाही' असे म्हटले की सरकारी कारकून उत्तर देई: 'कुल्पाब्ल, प्रे दाव्हेरे नोत्र बिल', म्हणजे 'दोषीच आहे, आणि आमचा आरोप शाबीत करण्यास आम्ही सिद्ध आहोत'. नोंदवहीत एवढे कोण लिहीत बसणार? म्हणून तेथे 'कुल. प्रि.' एवढेच लिहिले जाई. फ्रेंच विसरलेल्या पुढच्या पिढीतील कारकुनांना ते आरोपीला उद्देशून केलेले संबोधन वाटले, आणि सतराव्या शतकात एका लघुलिपीतून एक सबंध नाम जन्माला आले. ज्याच्याविरुद्ध अद्याप काहीच सिद्ध झालेले नाही त्याला सुरुवातीलाच ते चिकटवले जाई, हे वकील म्हणून मला खटकते. पण इंग्रजी बोलणाऱ्याला त्यात फ्रेंचचा वासही येत नाही.

पार्लमेंटमध्ये मात्र फ्रेंच अद्याप उघडपणे नांदते. दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या विधेयकाला राजाची मान्यता मिळाल्याची घोषणा आजही 'ल र्वा ल व्हो', म्हणजे 'राजाची तशी इच्छा आहे', या शब्दांतच होते. पैशांचे विधेयक असेल तर राजा आधी आपल्या भल्या प्रजाजनांचे आभार मानतो. नकाराचे सूत्र अधिक सुंदर आहे: 'ल र्वा सावीझरा', राजा विचार करील. हे सूत्र शेवटचे उच्चारले गेले १७०८ साली, राणी अॅनने स्कॉटलंडच्या नागरी सैन्याचे विधेयक फेटाळले तेव्हा. 'प्रस्ताव विचाराधीन आहे' या वाक्याचा खरा अर्थ ज्यांना मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवून कळला आहे, त्यांना या सूत्राचे स्पष्टीकरण नको.

येथवरची फ्रेंच सत्तेची होती. दुसरी लाट आली ती हौसेची. १६६० साली राजा दुसरा चार्ल्स फ्रान्स आणि युरोपातील अन्य देशांमधील आश्रयाचा काळ मागे टाकून इंग्लंडला परतला आणि त्याच्याबरोबर दरबारी मंडळींत फ्रेंच बोलण्याची चढाओढ सुरू झाली. इंग्रज नाटककार ड्रायडनच्या १६७३ साली छापल्या गेलेल्या 'मॅरिज आ ला मोड' या प्रहसनात मेलँथा नावाची एक बाई आहे. तिची दासी तिला रोज नव्या फ्रेंच शब्दांची यादी आणून देते आणि बाई ते शब्द दिवसभरात कोठे ना कोठे पेरते. प्रेक्षकांनी हसावे म्हणून ड्रायडनने त्या यादीत जे शब्द घातले, त्यांतील चिडेचा 'शग्रँ', वेडावण्याचा 'ग्रिमास' आणि टवाळीचा 'रिदिक्यूल' हे आज इंग्रजी शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. मेलँथा हास्यास्पद ठरली खरी, पण तिची यादी टिकली. नव्या उसनवारीची थट्टा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण कोणता शब्द रुळेल आणि कोणता गळेल याचा अंदाज ड्रायडनसारख्यालाही आला नाही.

शब्दांची भीती सॅम्युअल जॉन्सनला नव्हती. १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की सुटे शब्द हजारोंनी आले तरी भाषेची बांधणी ढळत नाही, पण परक्या वळणाची वाक्यरचना आली की इमारतीचे दगड तेच राहून खांबांचा क्रमच बदलतो. भाषांतरकारांचा आळस आणि अज्ञान असेच चालू राहिले तर आपण एक दिवस फ्रान्सची एखादी बोली बडबडत बसू, असा त्याचा इशारा होता. जॉन्सनवर 'निबंधमाले'त मनापासून लिहिणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांना मराठीतील इंग्रजी वळणाच्या वाक्यांचा जो राग होता, तो याच जातीचा होता.

आणि या बाबतीत जॉन्सनचे निदान मला बिनचूक वाटते, भाकीत मात्र नाही. इटालिक ठशांत छापलेला 'फे अकॉम्प्ली', म्हणजे होऊन चुकलेली गोष्ट, सर्वांच्या डोळ्यांत भरतो. पण 'हे सांगायलाच नको' या अर्थाने इंग्रज जेव्हा 'इट गोज विदाउट सेइंग' म्हणतो, तेव्हा तो 'स्ला व्हा साँ दीर' हे फ्रेंच वाक्य शब्दशः उचलून बोलत असतो आणि त्याला ते ठाऊक नसते. 'न बोलता जाते' हा मूळचा इंग्रजी विचार नाहीच. जुन्या वस्तूंच्या बाजाराला पिसवांचा बाजार म्हणणे हेही पॅरिसचे. मुंबईने त्याला चोरांचा बाजार म्हणावे आणि पुण्याने नुसता जुना बाजार म्हणून मोकळे व्हावे, यात त्या-त्या गावाचा स्वभाव आला. सोयीसाठी केलेल्या विवाहाचे इंग्रजी नाव 'मॅरिआझ द कॉन्व्हनाँस' वरून घडले. आपल्याकडे 'सोय जाणे तो सोयरा' असे आधीच म्हणून ठेवल्यामुळे त्यासाठी वेगळ्या उसनवारीची गरज पडली नसती. अशी छुपी वाक्ये इंग्रजीत शेकड्यांनी असतील आणि तरीही तिची फ्रेंच बोली झाली नाही. खांबांचा क्रम थोडा बदलला, इमारत उभी राहिली.

आता उलट बाजू पाहू. इंग्रजीतील काही फ्रेंच वाक्प्रयोग फ्रेंचमध्ये त्या रूपाने नव्हते किंवा आता राहिलेले नाहीत. द्व्यर्थी बोलण्याला इंग्रज 'दूब्ल आँताँद्र' म्हणतो, फ्रेंच माणूस 'दूब्ल साँस' म्हणतो. लेखकाच्या टोपणनावासाठीचा 'नों द प्ल्यूम' इंग्रजांनीच एकोणिसाव्या शतकात घरी बनवला. फ्रेंचांकडे तेव्हा 'नों द गेर', म्हणजे युद्धातले नाव, असा प्रयोग होता. बंद गल्लीला 'क्यू-द-साक' म्हणणे हे अस्सल फ्रेंच, पण त्यातील पहिल्या शब्दाचा रोखठोक अर्थ बूड असा असल्यामुळे व्हॉल्तेअरला ते असह्य झाले आणि त्याने त्याऐवजी 'अँपास' हा शब्द पुढे केला. इंग्लंडमधील सुखवस्तू उपनगरांतील लोक मात्र आपल्या पत्त्यात ते बूड अभिमानाने मिरवतात. 'अँपास' इंग्रजांनी घेतला तो राजकीय कोंडीसाठी.

याहून मौजेची गोष्ट रंगभूमीची. गाणे आवडले की इंग्रज प्रेक्षक 'आँकोर' असे ओरडतात. १७१२ साली लंडनच्या 'स्पेक्टेटर' पत्रात या नव्या प्रथेविषयी छापून आले होते. 'आँकोर' म्हणजे फ्रेंचमध्ये 'पुन्हा' हे खरे, पण पॅरिसच्या नाट्यगृहात त्या जागी 'बिस' ही लॅटिन आरोळी ऐकू येते. आणि मराठी संगीत नाटकाचा प्रेक्षक? त्याने 'वन्स मोअर' ही इंग्रजी आरोळी उचलली, जी इंग्रज स्वतः अशा वेळी देत नाहीत. बालगंधर्वांच्या पदांना पडलेल्या वन्समोअरांच्या आठवणी सांगताना तो शब्द परका आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नसे. दाद देताना प्रत्येकाला शेजाऱ्याची भाषा का लागते, हे एक कोडेच आहे.

लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेतील 'आरएसव्हीपी' ही चार अक्षरे 'कृपया उत्तर द्यावे' या फ्रेंच वाक्याची आद्याक्षरे आहेत. त्यांच्याआधी 'प्लीज' लावणाऱ्याला हसणे हा इंग्रजी शिष्टांचा जुना छंद. मुंबई-पुण्याच्या पत्रिकांत तर ती अक्षरे निमंत्रकांच्या नावांचा मथळा होऊन बसली आहेत आणि उत्तर कोणीच देत नाही. उच्चारांचा प्रकार निराळाच. फ्रेंचमध्ये शेवटचे व्यंजन उच्चारायचे नसते एवढेच अर्धवट शिकलेले लोक 'कू द ग्रास'मधील शेवटचा सकारही गिळतात, आणि मग दयेचा अखेरचा घाव होण्याऐवजी तो चरबीचा घाव होतो.

ज्या उसनवारीला मी मनापासून दाद देते ती आहे 'एस्प्री द लेस्कालिए', जिन्यावरची हजरजबाबी. अठराव्या शतकातील फ्रेंच मुत्सद्दी नेकेर यांच्या घरी जेवताना लेखक मार्मोंतेल काहीतरी बोलला आणि तत्त्वज्ञ दिदरो निरुत्तर झाला. आपल्यासारखा भावनाशील माणूस आक्षेप ऐकून गोंधळतो आणि जिन्याच्या तळाशी पोहोचल्यावरच भानावर येतो, असे त्याने पुढे लिहून ठेवले. त्या काळातील थोरांच्या घरी बैठकीची दालने वरच्या मजल्यावर असत, म्हणून हा जिना. इंग्रजीने हा वाक्प्रयोग तसाच घेतला, कारण अनुभव सर्वांचा असूनही त्याला नाव दिले होते एकाने. आपले 'वरातीमागून घोडे' त्याच्या आसपास जाते, पण त्यात निष्काळजीपणाचा ठपका आहे. जिन्यावर उभा असलेला माणूस निष्काळजी नसतो, त्याला केवळ उशीर झालेला असतो. उलटतपासणी संपवून न्यायालयाच्या पायऱ्या उतरताना नेमका प्रश्न सुचणे हे आमच्या व्यवसायात इतके नित्याचे आहे की दिदरोला सनद द्यायला हरकत नव्हती.

एकमेकांची भाषा घेणाऱ्या या शेजाऱ्यांनी दोष मात्र परस्परांच्या नावावर टाकले. यजमानाचा निरोप न घेता निघून जाण्याला इंग्रज 'फ्रेंच रजा' म्हणतात, तर फ्रेंच त्यालाच 'इंग्रजी पद्धतीने सटकणे' म्हणतात.

सर्वांत अलीकडची आणि सर्वांत कामाची उसनवारी विमानतळावर झाली. १९२०च्या दशकाच्या प्रारंभी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड हे वरिष्ठ रेडिओ अधिकारी होते. संकटात सापडलेल्या वैमानिकाला बोलून पाठवता येईल असा एखादा शब्द सुचवण्याचे काम त्यांच्याकडे आले. तारायंत्रावरील 'एसओएस' ठोकायला सोपे होते, पण खरखरत्या रेडिओवर 'एस' हे अक्षर स्पष्ट ऐकू येत नसे. क्रॉयडनची बरीचशी वाहतूक पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी होती, म्हणून दोन्ही टोकांना कळेल असा 'मेडे' हा शब्द त्यांनी निवडला. 'मला मदत करण्यास' या अर्थाच्या 'मेदे' या फ्रेंच शब्दांचे हे इंग्रजी रूप. खरा फ्रेंच माणूस हाक मारताना 'एदे-म्वा' म्हणेल, नुसते 'मेदे' हे त्याच्या व्याकरणात अपुरे वाक्य आहे. तरी १९२७च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत हा शब्द मान्य झाला आणि आज फ्रेंच वैमानिकालाही संकटात तोच तीनदा उच्चारावा लागतो. जिवावरचे संकट नसेल पण तातडी असेल, तर 'पॅन-पॅन' म्हणतात. ते 'पान', म्हणजे यंत्राचा बिघाड, या फ्रेंच शब्दावरून आले. आणि समुद्रात वादळाची किंवा तरंगत्या अडथळ्याची नुसती सूचना द्यायची असेल, तर मुंबई बंदरातून निघालेल्या जहाजावरील अधिकारीही रेडिओवर आधी तीनदा 'सेक्युरिते' म्हणतो आणि मग उरलेला निरोप इंग्रजीत सांगतो.